होकाराआधी पाणी नाही: पेण-रोह्याचा एक आठवडा

शनिवारी संध्याकाळी फोनवर एक संदेश आला आणि रविवारी पहाटे मी फावडं घेऊन नाशिकच्या एसटी स्टँडवर उभी होते. कंडक्टरने फावड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, याचं हाफ तिकीट काढू का?" मी त्याला ते डिकीत टाकायला लावलं आणि खिडकीची जागा पकडली.

संदेश असा होता: 'रविवारी दुपारी एक वाजता ओहोटीला खांड बांधायची आहे. सर्वांनी यावे. फावडे-घमेले असल्यास आणावे.' खाली पेणजवळच्या एका खाडीकाठच्या गावाचं नाव. पाठवणारी माझी पनवेलची मैत्रीण, सुजाता. तिचं माझं वर्षभर एकच भांडण चाललंय. मी म्हणते, इंटरनेटवर माणसं जमत नाहीत, अंगठे जमतात. यामागे माझा कडू अनुभव आहे. आमच्या कॉलनीमागचा नाला साफ करायला मी ग्रुप काढला होता. ग्रुपात अख्खी कॉलनी होती, दंड फुगवलेल्या हातांच्या चित्रांचा खच पडला होता, आणि ठरल्या दिवशी नाल्यावर कोण, तर मी, वॉचमन आणि वॉचमनची बायको. सुजाता म्हणते, तुला जमलं नाही म्हणून कुणालाच जमत नाही असं कसं? त्या संदेशाखाली तिने लिहिलं होतं, 'जाऊन बघ, मग बोल.' मला असं डिवचलं की मी जातेच. शिवाय मे महिना, माझ्या शिकवण्यांना सुट्टी.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: नाशिकहून पनवेलपर्यंत एसटी, पनवेलहून पेणच्या गाड्या सारख्या असतात. पेण स्टँडबाहेर मिनीडोर मिळतात. मिनीडोर म्हणजे मोठ्या पोटाची रिक्षा, ती माणसं भरल्याशिवाय हलत नाही. भाडं किरकोळ आहे, पण मांडीवर कुणाची तरी पिशवी घ्यावी लागते. माझ्या मांडीवर सुक्या मासळीची होती. गावाचं नाव मात्र मी मुद्दाम लिहीत नाही. गावानेच बजावलंय, आणि का ते पुढे कळेल.

गाव संपलं की रस्ता संपतो आणि खार सुरू होते. खार म्हणजे समुद्राच्या पातळीला असलेली भाताची शेतं. शेतं आणि खाडी यांच्यात मातीचा लांबच लांब बांध, तोच काय तो मधे उभा. बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात. मी बांधावर चढले तेव्हा एक वाजायला आला होता. ओहोटी बघायला आलेल्या माझ्यासमोर खाडी काठोकाठ भरलेली होती, आणि खांडीतून पाणी शेतात शिरत होतं. आवाज नाही, लाट नाही. दार उघडं दिसलं म्हणून गाय आत यावी तसं ते येत होतं.

बांधावर सहा-सात जण होते. सगळे माझ्यासारखे पाहुणे, नवीन गमबूट घातलेले. पनवेलचं एक जोडपं तर कॅमेऱ्यासाठी तिकाटणं घेऊन आलं होतं. आम्ही एकमेकांकडे आणि पाण्याकडे बघत उभे होतो, तेवढ्यात गावाकडून पन्नाशीची एक बाई तरातरा आली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर टॉवेल.

"काय गो, तुमी पन फावडी घेऊन आलाव?" तिने मला विचारलं.

मी फोन पुढे केला. तिने संदेश वाचला आणि कपाळावर हात मारला. "ह्यो मागल्या रविवारचा हाय. मागल्या रविवारी अष्टमी व्हती. अष्टमीला दुपारी खाडी सुकते. आज पुनव. पुनवेला दुपारी भरलेलीच असते, हे शेंबड्या पोराला पन म्हाईत हाय."

संदेशात तारीख नव्हती, तिथी नव्हती, नुसता रविवार होता. गावाने तो गावासाठी लिहिला होता. पुढे तो फिरत फिरत पनवेल, ठाणे, नाशिक करत राहिला आणि प्रत्येक वाचणाऱ्याने आपापला रविवार धरला. मला एकाच वेळी हसू आलं आणि संताप आला. फोन काढून सुजाताला 'बघ' असं लिहायला घेतलं, पण पाण्याकडे बघितल्यावर तेवढं बोट चालेना.

त्या बाई म्हणजे मंदाताई. खांडीच्या तोंडाशी सगळ्यात जवळचं शेत त्यांचं. त्यांना विचारलं, मागच्या रविवारी, खऱ्या अष्टमीला, किती जण आले होते?

"नऊ," त्या म्हणाल्या. "अर्धी खांड बांधली, भरतीनं रात्री धुऊन नेली. ग्रुपमधी किती हायत? दोनशेच्या वर. समद्यांनी अंगठं दावलं."

मला माझा नाला आठवला. पण नाल्याचा नुसता वास येतो. इथे पाऊस सुरू होईपर्यंत खांड उघडी राहिली, तर तिचं तोंड इतकं मोठं होणार की हातांनी बांधणं अशक्य. या साली भात नाही, आणि मातीतलं मीठ धुऊन जाईस्तोवर पुढची दोन-तीन सालंही नाही. मंदाताईंना दुसरी जमीन नव्हती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन गेलेली. "येवढी गेली की मी पन रोह्याला खोली घेनार भाड्यानं," त्या म्हणाल्या. "गावातली निम्मी घरं तिकडंच गेलीत, कंपनीत कामाला. मी तिकडं जाऊन काय करू? कुनाच्या घरी भांडी घासू?"

पाहुणे हळूहळू पांगले. पनवेलच्या जोडप्याने पाण्याचे फोटो काढले आणि "पुन्हा असेल तेव्हा सांगा" म्हणून नंबर दिला. मी परतीच्या गाडीची वेळ बघत होते आणि माझा पाय निघत नव्हता. पुढची अष्टमी पुढच्या रविवारीच येत होती. मी मंदाताईंना विचारलं, पूर्वी कसे जमायचे लोक? मोबाइल नव्हते तेव्हा?

"तेव्हा जोळ व्हती," त्या म्हणाल्या आणि टॉवेल झटकून गावाकडे वळल्या. मग म्हणाल्या, "तुला लांबून यायला लागलंय, जेवून तरी जा."

जेवायला तांदळाची भाकरी आणि जिताड्याचं कालवण होतं. जिताडा हा खाडीतला मासा या भागाचा मान आहे, तो पाहुण्याला घालतात, आणि खाऊन झाल्यावर कुणी पाहुणा लगेच उठत नाही. मीही उठले नाही. दोन तासांसाठी आलेली मी त्या घरी आठवडाभर राहिले. मंदाताईंनी मला एकदाही 'कधी जाणार' विचारलं नाही. राहण्याचे पैसे विचारले, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय सोडूनच दिला.

जोळ म्हणजे काय ते मला दुसऱ्या दिवशी रोह्यात कळलं. गाव सोडून गेलेल्या घरांना जाऊन भेटायचं असं आम्ही रात्री जेवताना ठरवलं होतं. खरं तर मी ठरवलं होतं आणि मंदाताई "फोन करू की, येवढं लांब कशाला" म्हणत होत्या. पेणहून रोह्याला रेल्वेने जावं, स्वस्त आणि मोकळी. गाड्या मोजक्या आहेत, वेळा बघून निघा. नागोठणं गेलं की निडीचं छोटंसं स्टेशन येतं. तिथे चढलेल्या एका बाईने टोपलीतली करवंदं आमच्या हातावर ठेवली. "कुनाकडं चाल्लाव?" तिने विचारलं. मंदाताई म्हणाल्या, "बांधाला मानसं बघाया." बाईने मान डोलावली, जणू लोक रोजच गाडीत बसून बांधाला माणसं बघायला जातात.

पहिलं घर अष्टमीत. ही तिथी नव्हे, रोह्यासमोरचं गाव, कुंडलिका नदीच्या अलीकडच्या काठाला. तिथे हिरामावशी मुलाकडे राहतात. ऐंशीच्या घरातल्या, बारीक चणीच्या, आवाज मात्र अख्ख्या चाळीला पुरणारा. आम्ही दारात पोचलो, सुनेने तांब्या-पेला आणला, मंदाताईंनी हात पुढे केला आणि मावशी कडाडल्या.

"थांब! कशाला आलीस ते आधी सांग. नुसती आलीस का हाक घेऊन आलीस?"

मंदाताईंनी हात मागे घेतला. "हाक घेऊन आले, मावशी. खांड पडलीय."

"कवा?"

"म्हयना झाला."

"म्हयना झाला? आनि मना कोनी सांगितलं नाय?"

"ग्रुपवर टाकलं व्हतं मावशी. तुमच्या दिनेशला गेला आसंल मेसेज."

"ग्रुप कोन?" मावशींनी विचारलं. "माझ्या दारात आला व्हता काय? पानी नको बोलला व्हता काय?"

मग मला सगळं कळलं. बांधाचा प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या घराचा. खांड पडली की त्या बाजूची माणसं घरोघर हाक घेऊन जात. हाक घेऊन आलेल्या माणसाला घरातले पाणी देणार, आणि तो घेणार नाही. घरातून कोण येणार त्याचं नाव सांगितल्याशिवाय तो पाण्याला शिवणार नाही. दारात आलेला तहानलेला उभा आहे, हे घरच्यांना किती वेळ बघवणार? कुणीतरी नाव सांगायचं. मग तो पाणी पिऊन पुढच्या दारात. ही जोळ. तिच्यात कुणाला मजुरी नाही की दंड नाही. सगळा कारभार त्या तांब्यावर चालायचा. हे मला इतकं आवडलं की मी दारातच टाळी वाजवली आणि मावशींनी मला वेडं ठरवलं.

"मग बंद का झालं?" मी विचारलं.

मंदाताई खाली बघत म्हणाल्या, "भावजींनी ग्रुप काढला. समद्यांना येका मिंटात कळतंय बोलले. मग दारोदार जायाची लाज वाटाया लागली. लोक बोलतील, हिच्याकडं मोबाइल नाय काय?"

"समद्यांना सांगितलं म्हंजे कोनालाच नाय सांगितलं," मावशी म्हणाल्या. "माझं नाव घाल."

"मावशी, तुमी चिखलात उतरनार?"

"मी वर बसन. तुकडा माझा, हात कुनाचं ते तू बघ." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला काय काम हाय? टाळ्याच वाजवते नं?"

अशी मी हिरामावशींच्या तुकड्यावर नेमली गेले. मंदाताई पाणी प्यायल्या. मलाही मिळालं.

अष्टमीहून पूल ओलांडून आम्ही रोह्यात गेलो. कुंडलिका पुलाखाली निवांत पसरलेली होती. बाजारात वडापाव आणि चहा झाला. तिथला वडा झणझणीत आहे, पण पुढे पाणी मिळेल की नाही याची खात्री असेल तरच खा. आम्ही दोघींनी दोन-दोन खाल्ले आणि मग रिक्षाने वरश्याला गेलो. वरसे रोह्याला लागूनच आहे. नव्या इमारती, त्यांच्यात अजून भाताचं एखादं खाचर शिल्लक. गावातली पुष्कळ घरं इथे दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहतात.

मे महिन्यातलं रोह्याचं ऊन ज्याने बघितलंय त्याला पुढची दुपार समजेल. पहिल्या दारी म्हणाले, "बघू." मंदाताईंनी तांब्याकडे पाठ फिरवली. "बघू म्हंजे नाय," जिन्यात त्या मला म्हणाल्या. दुसऱ्या दारी कुलूप. तिसऱ्या दारी मात्र एका म्हातारबाबांनी नाकारलेला तांब्या बघूनच ओळखलं, "हाक हाय काय गो?" आणि त्यांनी थेट दोन मुलांची नावं सांगितली, मुलं घरात नसताना. आम्ही पाणी प्यायलो. चौथ्या दारी पुन्हा "बघू". माझ्या जिभेला तोवर वाळवण घातल्यासारखं झालं होतं. मी कुजबुजले, "मंदाताई, बाटली आहे माझ्याकडे." त्यांनी असं काही बघितलं की बाटली पिशवीत आणखी खोल गेली.

शेवटचं दार रमेशभाऊंचं, मंदाताईंच्या दिराचं. ग्रुप काढणारे ते हेच. माणूस उत्साही आणि प्रेमळ. खांड पडल्यापासून रोज सकाळी ग्रुपवर 'बांध वाचवा' टाकत होते, हे त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं. त्यांची बायको सुनंदा पाणी घेऊन आली. मंदाताई उभ्याच.

"वयनी, घ्या की पानी," रमेशभाऊ म्हणाले.

"हाक घेऊन आलेय, भावजी."

ते एकदम अस्वस्थ झाले. "आता हे काय जुनं काढलंत? बघा, दोनशे लोकांनी बघितलंय. अंगठे बघा. मी येवढा मरतोय, फोटो टाकतोय, अजून काय करायचं? मागच्या अष्टमीला माझी शिफ्ट व्हती."

"आनि आता?"

"आता पन हाय."

ऊन खिडकीतून मंदाताईंच्या तोंडावर येत होतं आणि त्या टॉवेलने मान पुसत उभ्या होत्या. रमेशभाऊंनी पंखा वाढवला. ते म्हणाले, "बसा तरी." मंदाताई बसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी सरळ लिहिते. त्या रागाने रडत होत्या. मलाही भयंकर राग आला होता, आणि तो रमेशभाऊंचा नव्हता. तो माणूस खोटा नव्हताच. रोज मनापासून ओरडत होता आणि आपलं काम झालं असं मनापासून मानत होता. मीही नाल्याच्या वेळी तेच केलं होतं की. कुणाच्या दारात मी तरी कुठे उभी राहिले होते!

तांब्या धरून सुनंदा म्हणाली, "जाऊबाय, माझं नाव घ्या. हे येवोत न येवोत."

मंदाताईंनी तांब्या घेतला. रमेशभाऊ बायकोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाइट करून येतो. सकाळी सुटतो सात वाजता. डायरेक येतो." आणि लगेच, जरा हसून, "माझं नाव राहिलं, वयनी. अजून येक घोट घ्या."

गोष्ट इथेच संपवली तर मी सुजाताशी लबाडी केल्यासारखं होईल. कारण त्याच संध्याकाळी रमेशभाऊ म्हणाले, "रोह्यातली दारं झाली. सुरतची, मुंबईची, मस्कतची दारं कशी गाठायची?" मंदाताईंनी विचार केला. मग भरलेला तांब्या मागवला, तो टेबलावर ठेवला, मागे स्वतः बसल्या आणि म्हणाल्या, "लावा फोन. तोंड दिसतंय तसला."

ती संध्याकाळ मी जन्मात विसरणार नाही. रमेशभाऊ एकेक घर लावत होते आणि फोनच्या पडद्यावर आधी तांब्या, मागे मंदाताई. बहुतेकांना बोलावंच लागलं नाही. सुरतच्या जनार्दनने तांब्या बघितला आणि तो हसायलाच लागला, मग त्याचं हसू थांबलं. "आता काय रजा मिलत नाय, वयनी. तुमी पानी प्या की."

"नाव सांग."

"मी तिकडं कसा येनार सुरतहून?"

"तुझा तुकडा इकडं हाय. नाव सांग."

त्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "मेव्हणा हाय माझा, वडखळला. त्याला धाडतो. परशुराम. घाला नाव." मंदाताईंनी एक घोट घेतला. मस्कतच्या एकाला तिथूनच गहिवरून आलं. त्याने दोन चुलतभाऊ कबूल केले आणि "वयनी, सगळा पेला प्या" म्हणून हट्ट धरला. एका घराने फोन कट केला. मंदाताईंनी पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा कट. तिसऱ्यांदा मात्र त्या घरातल्या सासूबाईंनी फोन उचलला आणि मुलाला आमच्यासमोरच झापलं. रात्रीपर्यंत मंदाताईंचं पोट पाण्याने डमडमलं होतं आणि त्या हसत होत्या.

मग रमेशभाऊंनी जुना संदेश ग्रुपवरून काढला आणि नवा लिहिला. तारीख, तिथी, ओहोटीची वेळ, आणि कोणत्या घरातून कोण, ते नावानिशी. शेवटी 'ग्रुपबाहेर पाठवू नये'. गावाचं नाव मी का लिहीत नाही, ते आता कळलं असेल. नाहीतर हे वाचून कुणीतरी पुढच्या पुनवेला गमबूट घालून हजर व्हायचं.

मधल्या दिवसांत मी पेण पाहिलं. अंगणाअंगणात पापड वाळत घातलेले, गल्ल्यांत गणपतींच्या मूर्तींना आत्तापासून पहिला हात लागलेला. पापड जरूर घ्या, पण ओळखीच्या घरून घ्या आणि दोन पाकिटं जास्त घ्या. संध्याकाळी मी बांधावर जायची. भरती रोज थोडी उतरत होती. भांग म्हणतात त्याला, म्हणजे उधाण ओसरून खाडी शांत व्हायचे दिवस. सगळ्यांनी नावं दिली होती. तरी माझा माणसांवरचा विश्वास माझ्या नाल्याएवढाच होता. शनिवारी रात्री मला झोप लागली नाही.

रविवारी सकाळी पहिले आले ते वडखळचे परशुराम मेव्हणे, ज्यांनी हा बांध जन्मात पाहिला नव्हता. मग मिनीडोर येतच राहिल्या. म्हातारबाबांची दोन मुलं, मस्कतवाल्याचे चुलतभाऊ, डब्यासकट सुनंदा. 'बघू' म्हणालेल्या एका दारातून चक्क तिघं आले. नंबर देऊन गेलेलं पनवेलचं जोडपं बोलावल्यावर आलं, या वेळी तिकाटण्याऐवजी चार मित्र घेऊन. हिरामावशी छत्री घेऊन बांधावर बसल्या. रमेशभाऊ नाइट करून तांबारलेल्या डोळ्यांनी उतरले आणि थेट पाण्यात गेले. मी मोजलं नाही, पण बांधावर पाय ठेवायला जागा नव्हती. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात मावशी ओरडल्या, "टाळ्या नंतर! घमेलं उचल!"

काम असं: खांडीच्या तोंडात दोन रांगा बांबू ठोकायचे, मधे पेंढा आणि झाडोरा दाबायचा, वर चिकट गाळ. गाळ हातोहात येतो, घमेल्यामागून घमेलं. दोन्ही बाजूंनी भरत मधे यायचं. मधलं शेवटचं तोंड सगळ्यात वाईट, कारण अरुंद होईल तसा पाण्याचा ओढा जोर धरतो. ज्याचा तुकडा त्याने भरायचा. माझा, म्हणजे मावशींचा, खांडीच्या डाव्या कडेचा होता. कंबर मोडली, हाताला फोड आले, चिखल नाकात गेला. मावशी वरून सांगत होत्या, "दाब! पायानं दाब! पापड लाटतेस काय?"

शेवटचं तोंड राहिलं आणि पाणी फिरलं. भरती चढू लागली. दोनदा भरलेला गाळ डोळ्यांदेखत वाहून गेला. कुणीतरी म्हणालं, "आता नाय व्हायाचं." मंदाताई सरळ त्या तोंडात उतरल्या आणि बांबूला पाठ लावून उभ्या राहिल्या. पाणी त्यांच्या छातीला लागत होतं. रमेशभाऊ शेजारी उतरले, मग परशुराम, मग सुनंदा. ओढा अडला, आणि वरून आम्ही त्यांच्या पुढ्यात पेंढा आणि गाळ टाकत राहिलो, वेड्यासारखे, मोजमाप न ठेवता. गाळ पाण्याच्या वर आला तेव्हा त्यांना हाताला धरून ओढून काढावं लागलं. खाडी बांधाला टेकली आणि बाहेरच थांबली. कुणी घोषणा वगैरे दिली नाही. सगळे नुसते खाली बसले. सुनंदाने तांब्या फिरवला आणि प्रत्येक जण पाणी प्यायला.

सोमवारी मी नाशिकला परतले. फावडं तिथेच ठेवलं. सुजाताला फोन करून म्हटलं, "भांडण बरोबरीत." ती म्हणाली, "म्हणजे मी जिंकले." जिंको बापडी. मला एवढं पटलंय की इंटरनेट हाक लांबवर नेतं, मस्कतपर्यंत नेतं. पण मुळात हाक मारणारं कुणीतरी हवं, आणि समोरच्याने हो म्हणेपर्यंत त्याने तहानलेलं राहायची तयारी हवी. मी त्याच आठवड्यात कॉलनीत नाल्यासाठी पहिल्या मजल्यापासून सुरुवात केली. चार दारी पाणी नाकारलं. तिघांनी मला चक्रम ठरवलं. चौथ्या दारच्या काकांनी नाव दिलं आणि वर सरबतही दिलं.

खरी परीक्षा मात्र अमावस्येच्या उधाणाची होती. त्या दुपारी मी दहावीच्या सुट्टीतल्या वर्गावर होते आणि माझं कशात लक्ष नव्हतं. मुलांना एकच गणित दोनदा सोडवायला दिलं. फोन वाजला तो रमेशभाऊंचा, तोंड दिसतंय तसला. पडद्यावर बांध, बाहेर काठोकाठ खाडी, आत मंदाताईंचं कोरडं शेत. मंदाताई ओरडत होत्या, "धरला गो! बांध धरला!" मी वर्गातच टाळी वाजवली.

"टाळ्या वाजवते परत," मागून हिरामावशींचा आवाज आला. फोन त्यांच्याकडे गेला. "समदा बांध कोरडा हाय. येका ठिकानी झिरपतंय. कुठं, सांग."

"कुठे, मावशी?"

"माझ्या तुकड्याला. तुझ्या हातच्या. सांगत व्हते, दाब. पाऊस यायच्या आत परत भरायला पायजे. म्होरल्या अष्टमीला."

"मावशी, माझे वर्ग सुरू झालेत. आणि नाशिकहून..."

फोन थोडा मागे गेला. मावशी बांधावर रणरणत्या उन्हात बसल्या होत्या, छत्री मिटलेली, आणि त्यांच्यासमोर मातीवर भरलेला तांब्या होता. त्यांनी पदराने तोंड पुसलं, ओठांवरून जीभ फिरवली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्यामागे अख्खा वर्ग श्वास रोखून बसला होता.

"वीणा," मी म्हटलं. "नाशिकची वीणा. माझं नाव घाला, मावशी."

मावशींनी तांब्या उचलला.